चाराच्या पुढचं शून्य

पहाटेचे साडेपाच. रात्रपाळी संपत आलीय. वॉर्डातल्या टेबलावर एक केसपेपर उघडा आहे आणि त्यात रात्री दहाच्या इन्शुलिनचा रकाना रिकामा आहे. डॉक्टरांनी लिहिलं होतं ४ युनिट. पण आकड्याला चिकटून काढलेलं युनिटचं इंग्रजी ‘यू’ वरच्या बाजूनं मिटून बंद झालं होतं, ते शून्यासारखं दिसलं आणि थोरल्या सिस्टरनं ४० युनिट टोचले. साडेबाराला पेशंटला दरदरून घाम फुटला, तो असंबद्ध बोलायला लागला. धाकट्या नर्सच्या ते लक्षात आलं. शिरेतून ग्लुकोज दिलं, मग पहाटेपर्यंत दोघी आळीपाळीनं त्याची साखर तपासत बसल्या. आता तो शांत झोपलाय. आणि थोरली सिस्टर धाकटीला हळूच म्हणतेय, “तू भर, मी सही करते. चार लिही.”

हा प्रसंग या लेखापुरता रचलेल्या, कुठेही नसलेल्या मालिकेतला आहे. धाकटीनं ४ लिहिलाय. पेन अजून कागदावरच आहे. पुढे शून्य काढायचं की नाही, हा तिचा प्रश्न. लेखकापुढचा प्रश्न वेगळा असतो: भाग कुठे संपवायचा?

मालिकेच्या धंद्यातलं नेहमीचं उत्तर आहे, इथेच. पेनाचं टोक, तिचा चेहरा, पुन्हा पेनाचं टोक, वाढत जाणारं संगीत आणि पडदा काळा. याला हुक म्हणतात, आणि हुक चालतो. प्रेक्षक उद्या परत येतो, कारण त्याला ‘ती काय लिहील?’ हे जाणून घ्यायचं असतं. आता दुसरी शक्यता पाहा. ती शून्य काढत नाही. पेनाला टोपण लावते, फाइल मिटते, थोरलीकडे सही करायला सरकवते आणि हात धुवायला बेसिनपाशी जाते. पाण्याचा आवाज. भाग संपला.

दोन्हींमध्ये फार तर चाळीस सेकंदांचं अंतर आहे; पण प्रेक्षकाला घरी घेऊन जायला मिळालेला प्रश्न पूर्ण बदलला. पहिल्यात ‘ती काय करेल?’ आणि दुसऱ्यात ‘तिनं बरोबर केलं का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेखकाच्या खिशात आहे, प्रेक्षकानं फक्त वाट पाहायची. दुसऱ्याचं उत्तर कुणाच्याच खिशात नाही. प्रेक्षकाला ते स्वतःच शोधावं लागतं आणि शोधताना तो थोरलीला, पेशंटला, पेशंटच्या घरच्यांना, शेवटी स्वतःला त्या खुर्चीवर बसवून पाहतो. मालिका माणसाला विचार करायला लावते असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक याच जागी घडत असतं: निर्णय होऊन गेलाय, परिणाम अजून आलेला नाही आणि टीव्ही बंद आहे.

माझं ठाम मत आहे की निर्णयानंतर कापलेला भाग नैतिक ताकदीत निर्णयाआधी कापलेल्या भागापेक्षा दहापैकी नऊ वेळा सरस ठरतो. चॅनेलची अडचण खरी आहे, अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता हातात साधारण बावीस मिनिटं उरतात आणि शेवटच्या मिनिटानं उद्याचा प्रेक्षक आणायचा असतो. त्यासाठी उत्सुकता दुसऱ्या धाग्यावर टांगता येते. बेसिनपाशी पाणी वाहत असताना मागून पेशंटचा मुलगा येऊन म्हणू शकतो, “सिस्टर, केसपेपरची झेरॉक्स मिळेल का?” हुकही मिळाला आणि निर्णयही प्रेक्षकाच्या हातात राहिला. दोन्ही साधता येतं, फक्त कष्ट जास्त पडतात.

पण भाग कितीही नेमक्या जागी कापला, तरी पेच कच्चा असेल तर उपयोग नाही. आणि बहुतेक मालिकांमध्ये पेच नसतोच, गैरसमज असतो. दाराआडून अर्धवट ऐकलेलं वाक्य, बदललेला रिपोर्ट, वेळेवर न पोहोचलेलं पत्र. यावर साठ-साठ भागांची उपकथानकं चालतात. ओळखायची कसोटी सोपी आहे: सगळ्या पात्रांना या क्षणी सगळं खरं कळलं, तर प्रश्न सुटतो का? सुटत असेल तर तो गैरसमज होता. माहितीचा खेळ. प्रेक्षकाला त्यात चीड येते, हळहळ वाटते, ‘अगं, एकदा विचार ना त्याला’ असं तो पडद्याला म्हणतो. पण योग्य काय याचा विचार करायची गरज पडत नाही, कारण ते त्याला आधीच ठाऊक असतं. आमच्या वॉर्डातल्या प्रसंगात दोघींना सगळं माहीत आहे. तरी प्रश्न उभाच आहे. तो पेच.

पेच उभा करताना एकेक सोपी वाट बंद करत जावी लागते. थोरली सिस्टर खडूस दाखवली, की धाकटीनं खरं लिहिणं सोपं झालं. पेशंट दगावला, तर गप्प राहणं अशक्यच झालं, म्हणजे पुन्हा निवड उरली नाही. म्हणून पेशंट वाचायलाच हवा आणि त्याला काही कळताही कामा नये. थोरली चांगली हवी, नुसती गोड नव्हे तर कामाची पक्की. आणि चूक पूर्णपणे तिची नको. ते मिटलेलं ‘यू’ महत्त्वाचं आहे. इन्शुलिनच्या नोंदींत या अक्षरामुळे अशा चुका खरोखर झालेल्या आहेत, म्हणूनच ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा असा आग्रह धरतात. इथे गप्प राहण्याची किंमत दिसते. नोंदीत ४० आलेच नाहीत, तर डॉक्टरांची लिहिण्याची पद्धत कुणी तपासणार नाही आणि उद्या शेजारच्या वॉर्डात तेच होईल. ही किंमत संवादात सांगायची नाही. शेजारच्या वॉर्डातल्या केसपेपरवर त्याच हस्ताक्षरातला आकडा दोन सेकंद दाखवायचा, बस्स. पात्राला न दिसलेली गोष्ट प्रेक्षकाला दिसली की विचाराचा भार त्याच्यावर येतो.

दिग्दर्शक क्रिस्तोफ किश्लोव्स्की यांनी १९८८ मध्ये पोलिश टेलिव्हिजनसाठी केलेल्या ‘डेकालॉग’ या दहा भागांच्या मालिकेतला दुसरा भाग पेचाच्या बांधणीचा धडा म्हणून बघावा. एका बाईचा नवरा मृत्युशय्येवर आहे. तिच्या पोटात दुसऱ्या पुरुषाचं मूल आहे. ती म्हाताऱ्या डॉक्टरला विचारते, नवरा जगणार का? जगणार असेल तर ती मूल पाडणार, जाणार असेल तर ठेवणार. डॉक्टरच्या एका वाक्यावर एक जीव अवलंबून आहे आणि डॉक्टरला स्वतःला खात्री नाही. शेवटी तो शपथेवर सांगतो, नवरा वाचणार नाही. नवरा वाचतो. आणि एके दिवशी तोच आनंदानं डॉक्टरकडे येऊन सांगतो की आम्हाला मूल होणार आहे. डॉक्टर खोटं बोलला की त्याला खरंच तसं वाटलं होतं, हेही मालिका नक्की सांगत नाही. तासाभराच्या या भागात खलनायक एकही नाही.

प्रेक्षक न्यायाधीशासारखा तटस्थ बसत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी मांडलंय की प्रेक्षक पात्रांच्या वागण्याचा नैतिक हिशेब अखंड ठेवत असतो आणि त्यावरून कोण आवडतं, कोण नावडतं हे ठरतं. पुढच्या अभ्यासकांनी यात भर घातली: बऱ्याचदा क्रम उलटा असतो. माणूस आधी आवडतो आणि मग आपण त्याच्या वागण्याला कारणं शोधतो. लांब मालिकेचं खरं सामर्थ्य आणि खरा धोका इथेच आहे. चित्रपटाला दोन तास मिळतात, मालिकेला चाळीस-पन्नास. एवढ्या वेळात पात्र घरचं होऊन जातं. म्हणून थोरलीचं ऋण धाकटीवर असेल, तर ते त्या रात्री फ्लॅशबॅकमध्ये दाखवून चालत नाही. ते दोन-तीन भाग आधी, दुसऱ्याच कुठल्या कामाच्या ओघात घडून गेलेलं असावं. ऐन निर्णयाच्या क्षणी आलेला फ्लॅशबॅक वकिली करतो; आधी घडून गेलेला प्रसंग आठवण होऊन राहतो.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या हंगामात, २००९ मध्ये, या आवडीचा कस पाहणारा एक प्रसंग आला. अमली पदार्थ बनवू लागलेला शिक्षक वॉल्टर व्हाइट हा तिचा नायक. तो धंद्यातल्या आपल्या जोडीदाराला हलवून उठवायला जातो, त्या धक्क्यानं शेजारी नशेत झोपलेली मुलगी उताणी होते आणि थोड्या वेळानं तिला उलटी होऊन श्वास कोंडतो. तिला कुशीवर वळवलं तर ती वाचेल. तो पुढे होतो, थबकतो आणि पाहत राहतो. सुरुवातीच्या कल्पनेत तो तिला स्वतःच जास्तीचा डोस टोचणार होता. पुढे ते बदलून नुसतं पाहत राहणं आलं. हा बदल सौम्य वाटतो, पण परिणामानं तो जास्त जहाल आहे. खून केला असता तर प्रेक्षकाचा निकाल एका सेकंदात लागला असता. इथे तो अडकतो: काही न करणं हाही गुन्हा का? आणि त्याहून बोचरं म्हणजे, ती मुलगी वॉल्टरला अडचणीत आणत होती आणि ती वाटेतून दूर व्हावी असं वॉल्टरच्या बाजूनं पाहणाऱ्या बऱ्याच जणांना मनातून वाटत होतं. पडद्यावरचा माणूस पाहत उभा आहे आणि त्याच वेळी आपणही पाहतच आहोत.

संगीताबद्दल थोडक्यात. ते निर्णयाआधी वाजलं की निर्णय संगीतकारानं दिला. करुण स्वर लागले की गप्प राहणं क्षम्य ठरतं, गंभीर ठोके पडले की पाप. रोजच्या मालिकांमध्ये एका वाक्यानंतर खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा जातो, तेही असंच निकालाचं वाटप. आत्याचा धक्का, सासूचा संताप, नणंदेचं छद्मी हसू. प्रेक्षकानं यातला एक चेहरा उचलून स्वतःवर चढवायचा, एवढंच काम त्याला उरतं. तीन-चार सेकंद नुसता वॉर्डातला पंखा ऐकू येऊ दिला, तर त्या रिकाम्या जागेत प्रेक्षक स्वतः शिरतो.

संवादांचं काम याहून नाजूक आहे. ‘हे चुकीचं आहे’ असं कुणीही म्हणू नये, हा माझ्या लेखी पहिला नियम. वाईट वागताना माणसं वाईट शब्द वापरत नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी माणूस स्वतःच्या सदसद्विवेकाला कसा झोपवतो याच्या आठ तऱ्हा सांगितल्या आहेत. कृत्याला सौम्य नाव देणं, त्याहून वाईटाशी तुलना करणं, जबाबदारी वरिष्ठांवर ढकलणं किंवा सगळ्यांत वाटून टाकणं, परिणाम लहान करून सांगणं, ज्याचं नुकसान झालं त्यालाच दोष देणं, वगैरे. पटकथा लिहिणाऱ्यानं ही यादी भिंतीवर लावावी इतकी ती उपयोगाची आहे. आमची थोरली सिस्टर काय म्हणेल? “रात्रीची गडबड असते गं.” “त्याला काही झालं का? नाही ना?” “डॉक्टरांनी नीट लिहायला नको?” “तिकडे खालच्या मजल्यावर काय काय चालतं, माहितेय?” चार वाक्यं, चार तऱ्हा. खोटी नोंद हा शब्द कुठेच नाही. यातलं एखादं वाक्य आपणही कधी उच्चारलंय हे ऐकणाऱ्याला जाणवलं, की मालिकेनं त्याला गाठलं.

याच तऱ्हेचं मोठं उदाहरण नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, १९७८ च्या ‘होलोकॉस्ट’ या अमेरिकन मालिकेत आहे. चार भागांची ही मालिका जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत दाखवली गेली आणि सुमारे दोन कोटी लोकांनी ती निदान अंशतः पाहिली. तिच्यात एका ज्यू कुटुंबासोबत एरिक डॉर्फ नावाचा वकील आहे. सुरुवातीला बेकार, बायकोच्या आग्रहावरून एसएस या नाझी दलात शिरलेला. त्याचं कौशल्य कशात, तर कत्तलीसाठी सोज्ज्वळ कचेरीतले शब्द शोधण्यात. माहितीपट, खटले, पुस्तकं त्याआधीही होती. पण एका साध्या, नोकरी हवी असलेल्या माणसाचा एकेक पाय घसरत जाताना लोकांनी सलग काही रात्री घरात बसून पाहिला. प्रत्येक भागानंतर स्टुडिओत चर्चा ठेवली होती आणि प्रेक्षकांच्या फोनचा पूर आला. मालिकेनं महासंहाराचं सोपं, गुळगुळीत नाट्य केलं अशी टीका झाली आणि त्या टीकेत तथ्य आहे. तरीही, खुनाच्या गुन्ह्यांवर खटला भरण्याची मुदत त्याच वर्षअखेर संपणार होती, तिच्यावर देशभर वाद चालू होता, आणि जुलै १९७९ मध्ये तिथल्या संसदेनं ती मुदतच काढून टाकली. हे श्रेय एकट्या मालिकेचं नव्हे. पण फोन करणाऱ्यांना बोलायला जागा मिळाली होती, भाग संपल्या संपल्या, त्याच रात्री. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता जिथे लेखकांचा हात लुळा पडतो त्या जागेकडे येऊ. प्रेक्षक काय उचलेल हे लिहिणाऱ्याच्या ताब्यात नसतं. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’मधला आर्ची बंकर हा वर्णद्वेषी, तोंडाळ बाप प्रेक्षकांनी हसून नाकारावा, या हेतूनं लिहिला होता. १९७४ मध्ये नील विडमर आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की हसले सगळेच. पण ज्यांच्या मनात आधीपासून पूर्वग्रह होता त्यांना आर्चीचंच पटत होतं आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. आपल्याकडे १९८४ च्या ‘हम लोग’मध्ये भागवंती ही सोसत राहणारी आई होती. इतकं सोसू नये, हे दिसावं म्हणून ती तशी रचली होती. अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः येऊन त्या भागातल्या प्रश्नावर बोलायचे, तरीही.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात की संदेश अजून ठळक करायला हवा. मला नेमकं उलटं वाटतं. भागवंतीच्या सोसण्याला दर भागात प्रेक्षकाची माया मिळत होती. मायेपुढे शेवटचं भाष्य कमी पडणारच. सोसण्याची किंमत तिच्या एकटीच्या डोळ्यांतल्या पाण्यातून दाखवली की ते पाणी पवित्र ठरतं. तीच किंमत मुलींच्या वाट्याला येताना दिसली, आईकडे बघून त्याही गप्प राहायला शिकताना दिसल्या, की माया आणि विचार एकमेकांसमोर उभे राहतात. आर्चीचंही तसंच आहे. विनोदात शेवटचं वाक्य ज्याच्या तोंडी, तो जिंकलेला वाटतो. मग आशय काहीही असो.

किंमत कधी वसूल करायची हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. धाकटीनं ४ लिहून फाइल मिटली आणि पुढच्याच भागात पकडली गेली, तर प्रेक्षकाचा हिशेब लगेच मिटतो: चूक केली, शिक्षा झाली. किंमत कधीच आली नाही, तर प्रसंग विरून जातो. लांबत जाणाऱ्या मालिकांचा खरा आजार हाच आहे. टीआरपी आहे तोवर कथा वाढवायची, मध्ये लेखक बदलतात, आणि पन्नासाव्या भागातलं खोटं तीनशेव्या भागापर्यंत कुणालाच आठवत नाही. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: पात्रागणिक एक वही. कुणाला काय माहीत आहे, कुणी कुणाशी काय लपवलंय, कुणाचं कुणावर काय ऋण आहे, भाग क्रमांकासकट. कथा, पटकथा आणि संवाद तीन वेगळे हात लिहीत असतील, तर ही वही तिघांसमोर हवी. चॅनेलकडून ‘नायिका निगेटिव्ह वाटतेय’ असा निरोप आला की पहिला घाव या वहीवरच पडतो. मग कळतं की ४० युनिट दुसऱ्याच कुणी मुद्दाम टोचले होते आणि धाकटी निर्दोष. एका वाक्यात सगळ्या प्रेक्षकांचा विचार वाया जातो. ती रात्र ज्यांनी मनात घोळवली होती त्यांची ती फसवणूक आहे, आणि तिचा मला मनापासून राग येतो.

सगळे भाग एकदम उपलब्ध झाल्यापासून आणखी एक गोष्ट निसटली आहे. काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो, श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसते. बेसिनवरचं पाणी थांबायच्या आत सकाळ झालेली असते. सलग पाहण्यात गोष्टीचा ओघ नीट कळतो, हे खरं आहे. पण ‘तिनं बरोबर केलं का?’ हा प्रश्न उलटसुलट व्हायला लागणारी रात्र त्यात नसते. निदान अशा भागाच्या शेवटी तरी ते आपोआप सुरू होणं बंद करावं आणि दिवा लावून बसावं.

आमच्या मालिकेत किंमत दुसऱ्या हंगामात येईल. थोरली निवृत्त झालेली, धाकटी आता वॉर्डाची इनचार्ज. हात सराईत, बोलणं कमी. पुन्हा तशीच रात्र, औषध वेगळं, पेशंट वेगळा, चूक यावेळी हिची. पेशंट सावरतो. पहाटे एक नवीन मुलगी केसपेपर घेऊन समोर येऊन बसते. इनचार्जनं अजून काहीच सांगितलेलं नाही. मुलगी पेनाचं टोपण काढते आणि तिच्याकडे बघते.

“किती लिहू, सिस्टर?”

ती खरा आकडा सांगते. मुलगी लिहायला लागते. पहिल्या हंगामातली ती फाइल अजून रेकॉर्ड रूममध्ये आहे, सहीसकट.